घराच्या भिंतीवर ही घरे कोणाची?

पावसाळा सरून दिवाळीपूर्वीची झाडलोट सुरू झाली, म्हणजे खेड्यातील घरोघरी काही चमत्कारिक वस्तू दृष्टीस पडू लागतात. फडताळाच्या पाठीमागे मातीचा मुठीएवढा गोळा चिकटलेला असतो. आढ्याच्या वाशाला राखी रंगाची, कागदी छत्रीसारखी वस्तू लोंबत असते. दाराच्या चौकटीवरून मातीची एखादी रेघ नागमोडी वर चढलेली असते. तर बांबूच्या कुडाखाली कोणी पीठ चाळल्यासारखा बारीक भुगा पडलेला असतो. घरधनीण केरसुणी घेऊन सारे एकदम झाडून टाकते, आणि घरधनी "वाळवी लागली" असे म्हणून कपाशीवर फवारून उरलेले औषध भिंतीवर मारावयास निघतो.

या दोन्ही गोष्टी टाळावयास हव्यात. ज्या मातीच्या गोळ्याला वाळवी समजून विष मारले जाते, तो बहुधा वाळवीचा नसतो. आणि ज्या बारीक रेघेकडे "चिखल उडाला असेल" म्हणून दुर्लक्ष होते, ती रेघच पुढे चौकट, आढे, वह्या-पोथ्या आणि सातबाऱ्याचे जुने कागद यांचा फडशा पाडते. शत्रू कोण व निरुपद्रवी कोण हे ओळखण्यासाठी सूक्ष्मदर्शक यंत्राची गरज नाही. किडा प्रत्यक्ष दिसला नाही तरी त्याने बांधलेले घर त्याची ओळख देते. ते माती, कागद, मेण, रेशीम की भुसा यांपैकी कशाचे केले आहे, ते जमिनीशी जोडलेले आहे की सुटे आहे, आणि त्याला भोके असल्यास ती कशी आहेत, एवढे पाहिले तरी बहुतेक वेळा उलगडा होतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांना याविषयी वारंवार विचारणा होते. यास्तव या लेखात नेहमी आढळणाऱ्या खुणांची माहिती देण्याचे योजिले आहे.

मातीची घरे : वाळवी आणि कुंभारीण

सर्वांत अधिक घोटाळा मातीच्या बांधकामाविषयी होतो, म्हणून त्याचा विचार प्रथम व थोडा विस्ताराने करू.

वाळवीस उजेड व कोरडी हवा सोसत नाही. तिची त्वचा नाजूक असते व उघड्यावर ती लवकर वाळून मरते. यामुळे जमिनीतून लाकडापर्यंत जाताना ती माती, लाळ व विष्ठा यांची एक झाकलेली वाट बांधीत जाते. ही वाट साधारणपणे पेन्सिलीइतकी रुंद, चपटी व आतून पोकळ असते. तिची मुख्य खूण म्हणजे ती जमिनीपासून, पायापासून किंवा भिंतीच्या भेगेपासून निघते आणि लाकूड, कागद, गवत अशा कोणत्या तरी खाद्याकडे जाते. तिला आरंभ असतो आणि शेवटही असतो. भिंतीच्या मध्यावर एकटाच चिकटलेला, कोठूनही न आलेला व कोठेही न जाणारा मातीचा गोळा हे वाळवीचे काम नव्हे.

वाट जिवंत आहे की सोडून दिलेली आहे, हे पाहण्याची सोपी रीत अशी. वाटेचा मधला सुमारे दोन बोटे लांबीचा भाग काडीने मोडावा. आत पांढुरके, मऊ अंगाचे किडे धावताना दिसले तर प्रश्नच उरत नाही. ते दिसले नाहीत तर दोन-तीन दिवस थांबून पुन्हा पाहावे. ओल्या, गडद रंगाच्या मातीने वाट पुन्हा सांधली गेली असेल तर वाळवी घरात नांदत आहे असे निश्चित समजावे. ती सांधली गेली नाही तरी चौकटीवर ठिकठिकाणी ठोकून पाहावे. निरोगी लाकूड खणखणते. वाळवीने आतून खाल्लेले लाकूड वरून धड दिसते, परंतु बद्द वाजते, आणि टोचणी सहज आत जाते.

दुसरी खूण पंखांची होय. पहिल्या वळिवानंतर किंवा मृगाच्या सरींनंतर संध्याकाळी दिव्याभोवती जे पंखवाले किडे झुंडीने येतात, ते वाळवीचे नर व माद्या असतात. त्यांचे पंख लवकरच गळून पडतात. बाहेरून दिव्यावर आलेल्या किड्यांचे पंख अंगणात पडले तर चिंतेचे कारण नाही. परंतु दारे-खिडक्या बंद असताना खोलीतच, भिंतीच्या एखाद्या भेगेजवळ पंखांचा ढीग सापडला तर ती भेग नीट तपासावी.

येथे वारुळाविषयीही दोन शब्द सांगणे अप्रस्तुत होणार नाही. वारूळ मुंग्यांचे असते, किंवा नागाने केलेले असते, असा समज अजूनही आढळतो. शेताच्या बांधावरील ते मातीचे मनोरे वाळवी बांधते. आत ती बुरशीची बाग लाविते व त्या बुरशीवर आपली प्रजा पोसते. नाग तेथे आयता राहावयास येतो; आपल्या भाषेतील 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण या बाबतीत कीटकशास्त्राशी पूर्णपणे जुळते. राणी काढून मारली की वारूळ संपले, असेही नेहमी घडत नाही. काही जातींत एकाहून अधिक राण्या असतात.

आता कुंभारणीकडे वळू. बारीक कंबरेची, काळी-पिवळी, लांब पाय लोंबते ठेवून उडणारी ही माशी सर्वांच्या परिचयाची आहे. न्हाणीच्या पाटाजवळ, रांजणाखालच्या ओलीत किंवा विहिरीच्या थारोळ्यात बसून ती चिखलाची गोळी करते, ती जबड्यात धरून घरात येते, आणि गुणगुण करीत भिंतीवर थापते. अशा अनेक खेपांनी बोटाच्या पेराएवढी एक नळी तयार होते. तिच्याजवळ दुसरी, मग तिसरी अशा नळ्या बांधून ती वरून मातीचा गिलावा देते, आणि मग सारा प्रकार एखाद्याने चिखलाची मूठ भिंतीवर मारल्यासारखा दिसतो. जुन्या गोळ्यावर वाटोळी, स्वच्छ कडांची भोके दिसतात. ती भोके आतील पिल्ले माश्या होऊन बाहेर पडल्याची खूण आहे. असा गोळा रिकामा असतो व तो खुशाल काढून टाकावा. भोके नसलेला गोळा फोडला तर आत काय सापडते? दहा-वीस लहान कोळी, एकमेकांवर रचलेले, आणि त्यांत एक पांढरी अळी. कोळी मेलेले नसतात. माशीने नांगी मारून त्यांस लुळे केलेले असते, म्हणजे ते कुजत नाहीत व अळीस अखेरपर्यंत ताजे अन्न मिळते.

कुंभारणीची दुसरी एक बहीण आहे. तिचे घर म्हणजे बोराएवढे, अरुंद गळ्याचे व बाहेर वळलेल्या काठाचे मडके असते. संक्रांतीचे सुगड पाहावे तसे. ते एकेकटे किंवा दोन-तीनच्या गटाने खिडकीच्या गजावर, दोरीवर, झाडाच्या डहाळीवर सापडते. ही माशी आपल्या मडक्यात कोळी न भरता अळ्या भरते. त्यांत पिकांवरील पाने खाणाऱ्या अळ्याही असतात. तेव्हा परसातील वांग्या-टोमॅटोच्या वाफ्याजवळ अशी मडकी दिसल्यास ती मोडू नयेत.

हीच माशी आपल्या जुन्या दृष्टान्तांतील भृंगी असावी. भृंगी कोठून तरी एक क्षुद्र कीटक आणते, त्यास मातीच्या घरात कोंडते, आणि तिच्या गुंजारवाने व भयाने तिचेच ध्यान करीत तो कीटक अखेर भृंगीच होऊन बाहेर पडतो, असा हा कीटक-भृंगी न्याय कीर्तनांत आपण ऐकत आलो आहोत. निरीक्षणाचा पहिला व शेवटचा भाग अगदी खरा आहे : अळी आत जाते, माशी बाहेर येते. मधला भाग बंद मडक्यात घडत असल्यामुळे कोणास दिसला नाही. आत गेलेली अळी भक्ष्य होते, आणि बाहेर येणारी माशी ही आईने तेथे घातलेल्या अंड्यातून वाढलेली असते. दृष्टान्ताचे मोल त्यामुळे कमी होत नाही. परंतु तो रचणाऱ्याने ही माशी किती बारकाईने पाहिली होती, हे मात्र ध्यानात येते.

कुंभारीण सहसा माणसास चावत नाही. ती एकटी राहणारी माशी आहे. राखावयास वसाहत नसल्यामुळे ती अंगावर धावून येत नाही. तिचा खरा उपद्रव वेगळाच आहे, आणि तो शेतकऱ्यास महाग पडू शकतो. बांधकामासाठी तिच्यातील काही जाती आयती भोके शोधतात. कुलपाचे छिद्र, फवारणी पंपाची उघडी दांडी, ठिबकाच्या नळीचे टोक, मोटारीच्या स्विचपेटीतील पोकळी, सायकलच्या हातपंपाची नळी ही सर्व ठिकाणे तिला सोयीची वाटतात. हंगामात पंप बाहेर काढावा, आणि नळीत चिखल बसलेला असावा, असा अनुभव पुष्कळांना आला असेल. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकाजवळ एक प्रवासी विमान समुद्रात कोसळून त्यातील सर्व १८९ माणसे मृत्यू पावली. विमानाचा वेग मोजणारी नळी बुजलेली होती, आणि ती अशाच एखाद्या मातीच्या माशीने बुजविली असावी असा तपासणाऱ्यांचा कयास होता. फवारणी पंप ठेवून देताना त्याच्या सर्व तोंडांना चिंधी बांधण्यास मात्र काहीच खर्च येत नाही.

मातीच्या लहान गोळ्यांची रचून केलेली, वाटीसारखी व आत पिसे असलेली वस्तू आढळली तर ते पाकोळीचे घरटे समजावे; त्याचा किड्यांशी संबंध नाही.

वाळवी ठरली तर पुढे काय?

मातीची वाट खरोखरच वाळवीची ठरली, तर प्रथम तिचा आधार तोडावा. भिंतीस टेकून रचलेले सरपण, तुऱ्हाट्या, गवताच्या पेंढ्या व जुने खोके दूर करावेत. गळके पन्हळ व न्हाणीचा पाट दुरुस्त करावा, कारण ओलीवाचून तिचे चालत नाही. धान्याच्या कणग्या व पेट्या जमिनीपासून वीतभर उंच ठेवाव्यात. दिसतील त्या वाटा खरडून काढाव्यात आणि पुन्हा कोठे उगवतात ते पाहत जावे. घर नवे बांधावयाचे असल्यास पायाच्या वेळीच वाळवीप्रतिबंधक उपाय करून घेणे सर्वांत स्वस्त पडते; त्यासाठी भारतीय मानक क्रमांक ६३१३ मध्ये रीत घालून दिलेली आहे. बांधलेल्या घरात औषधोपचार करावयाचा तर तो परवानाधारक कीडनियंत्रकाकडूनच करवावा.

जुन्या पिढीतील काही शेतकरी अद्याप पायात घालावयास 'ती पावडर' मागतात. बी.एच.सी. भुकटीवर आपल्या देशात १९९७ पासून बंदी आहे, आणि डी.डी.टी.चा शेतीतील वापर १९८९ साली बंद झाला. ती गेली म्हणून पिकावरील औषध घरात वापरणे हा त्यावरील उपाय नव्हे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कित्येक शेतकरी व शेतमजूर यांना विषबाधा झाली आणि त्यांतील काही दगावले. ती फवारणी उघड्या शेतात, वाऱ्यावर होत होती. ज्या खोलीत पाळणा टांगलेला असतो व पिण्याचे पाणी भरलेले असते, तेथे तेच औषध भिंतीवर मारणे म्हणजे काय, याचा विचार कार्यकर्त्यांनी घरधन्यापुढे स्पष्ट शब्दांत मांडावा. तेही बहुधा कुंभारणीच्या एका रिकाम्या गोळ्यासाठी!

भुगा व भुसा

लाकडाखाली पडलेला भुगा चिमटीत घेऊन पाहावा. तो मैद्यासारखा मऊ असेल आणि बांबूवर किंवा लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी भोके असतील, तर ते काम लहान भुंगेऱ्यांचे आहे. बांबूतील पिष्ट पदार्थ हे त्यांचे खाद्य. कापलेला बांबू काही आठवडे वाहत्या किंवा बदलत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यामुळे हे पिष्ट धुऊन जाते व कीड कमी लागते. ही रीत सोडू नये.

भुग्याऐवजी खसखशीसारखे कोरडे, टणक दाणे पडत असतील तर अधिक सावध व्हावे. हे दाणे भिंगातून पाहिल्यास सहा बाजूंचे दिसतात. ती सुक्या लाकडात राहणाऱ्या वाळवीची विष्ठा होय. ही वाळवी जमिनीत राहत नाही व मातीची वाटही बांधीत नाही, त्यामुळे ती ध्यानात येण्यास उशीर होतो. समुद्रकाठच्या दमट भागात, म्हणजे कोकणपट्टीत, तिच्याकडे विशेष लक्ष ठेवावे. पोखरलेली वस्तू लहान असेल तर ती काढून जाळणे इष्ट. आढे किंवा तुळई असेल तर जाणत्या सुतारास दाखवावी.

वाशाच्या खालच्या अंगास करंगळी जाईल एवढे गोल, गिरमिटाने केल्यासारखे भोक आणि खाली जाडसर भुसा दिसला, तर तेथे काळा भुंगा घर करीत आहे. भुंगा लाकूड खात नाही, केवळ राहण्यासाठी कोरतो. तुरीच्या फुलांवर हाच भुंगा फिरत असतो व परागीकरणास त्याची मदत होते. घराचा मुख्य वासा असेल तर भोक बुजवून रंग द्यावा. गोठ्याच्या जुन्या मेढीत असेल तर त्यास राहू देण्यास हरकत नाही.

खिडकीच्या चौकटीतील खिळ्याच्या भोकात हिरव्या पानांच्या गोल चकत्यांची सुरळी सापडते, आणि अंगणातील गुलाबाच्या पानांना कडेने अर्धचंद्राकृती काप पडलेले दिसतात. ही दोन्ही कामे पाने कापणाऱ्या एकट्या मधमाशीची असतात. गुलाबाची शोभा थोडी जाते खरी. परंतु या गटातील माश्याही तुरीच्या उत्तम परागीकारक आहेत.

कागदाची व मेणाची घरे

गांधीलमाशी सुके लाकूड खरवडते, लाळेत कालवते, आणि त्याचा राखी कागद करून घर बांधते. घर एका बारीक देठावर लोंबते, आणि त्याची षट्कोनी घरे खालच्या बाजूस उघडी असतात. त्यात मध नसतो; अळ्या असतात, आणि त्यांना भरविण्यासाठी माश्या पिकांवरील अळ्या पकडून आणतात. आपल्या देशात सर्वत्र आढळणाऱ्या अशा एका लहान गांधीलमाशीचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. राघवेंद्र गदगकर यांनी कित्येक वर्षे केला. त्या जातीची राणी अत्यंत शांत असते; ती कोणावर दांडगाई करीत नाही, तरीही वसाहतीत अंडी मात्र तीच घालते, असे त्यांच्या अभ्यासात आढळून आले.

माणसाशी मात्र ही माशी तशी शांत नाही. घर हलले की ती चावते, आणि तीच माशी अनेक वेळा नांगी मारू शकते. म्हणून जागा पाहून निर्णय घ्यावा. मळ्यातील पडक्या खोपीत घर असेल तर राहू द्यावे. शाळेच्या दारावर, पाणवठ्यावर किंवा बैल बांधण्याच्या जागी असेल तर ते लहान असतानाच, चार-पाच घरांचे व एकाच माशीचे असताना, संध्याकाळनंतर काठीने पाडावे. मोठे झालेले घर पलिता लावून जाळण्याची पद्धत धोक्याची आहे. तिच्यामुळे कडब्याच्या गंज्या पेटतात. झाडावर किंवा वळचणीस नारळाहून मोठा, कागदाने सर्व बाजूंनी मढविलेला गोळा असेल, तर तो मोठ्या जातीच्या गांधीलमाश्यांचा असतो. त्याच्या वाटेस अनुभवी माणसानेच जावे.

मेणाचे पोळे मधमाश्यांचे. पाण्याच्या टाकीखाली किंवा उंच झाडावर लोंबणारे एकच भले मोठे पोळे आग्या माशीचे, झुडपातील तळहाताएवढे एकच पोळे फुलोरी माशीचे, आणि भिंतीच्या पोकळीत, अंधारात, एकापुढे एक अशी अनेक पोळी असतील तर ती सातेरी माशीची. सातेरी पेटीत पाळता येते. तिची वसाहत घरात आली तर हाकलण्यापूर्वी मधपाळास कळवावे. पुण्यास १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था काम करीत आहे.

नांगी लागल्यास मधमाशीचा काटा त्वचेत राहतो. तो ताबडतोब नखाने खरडून काढावा. गांधीलमाशीचा काटा राहत नाही. एकाच वेळी पुष्कळ नांग्या लागल्या, किंवा एकाच नांगीने तोंड सुजू लागले, अंगावर गांधी उठल्या, धाप लागली, तर चुना-हळद लावीत न बसता रोग्यास विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

रेशीम, अंडी आणि पिशव्या

कोळिष्टकांची ओळख करून देण्याची गरज नाही. धुळीने काळवंडलेली बहुतेक जाळी सोडून दिलेली असतात. परंतु भिंतीवर नाण्याएवढी, पांढऱ्या कागदासारखी गोल चकती दिसते, ती काही जातींच्या कोळ्यांची अंड्यांची थैली होय. एखादी मोठी, चपळ कोळीण अशी चकती पोटाखाली घेऊन फिरतानाही दिसते. ती झुरळे खाणारी आहे, तेव्हा तिला मारण्यात तोटा आपलाच. बांधावरील बाभळीवर किंवा काटेरी कुंपणावर मळकट रेशमाचा, पाने व किड्यांचे अवशेष अडकलेला मोठा गुंता दिसतो. त्यात एकाच जातीचे शेकडो कोळी एकत्र राहतात. त्यांचाही माणसास उपद्रव नाही.

'अंगावर कोळी मुतला' म्हणून ज्या फोडांचा दोष कोळ्यास दिला जातो, ते पुष्कळदा एका निराळ्याच किड्यामुळे येतात. पावसाळ्यात दिव्यावर येणारा, मुंगीसारखा लांबट, नारिंगी व काळसर पट्ट्यांचा एक भुंगेरा झोपेत अंगावर चिरडला गेला की त्याच्या अंगातील दाहक रसाने त्वचा भाजल्यासारखी होते. तो अंगावर बसल्यास फुंकर मारून उडवावा, चिरडू नये. चिरडलाच तर साबणाने जागा लगेच धुवावी.

फडताळाच्या कोपऱ्यात, पेटीच्या बिजागरीजवळ तपकिरी, चकचकीत, घेवड्याच्या लहान बीसारखी डबी सापडते. तिच्या एका कडेस फणीसारखे बारीक दाते असतात. ती झुरळाच्या अंड्यांची डबी होय. अशा एका डबीतून डझनभर किंवा अधिक पिल्ले निघतात. ती चिरडून टाकावी. तिच्यासारखीच वाटणारी, परंतु फेस वाळून टणक झाल्यासारखी, गवती रंगाची वस्तू काटकीवर, कुंपणाच्या तारेवर वा बाहेरच्या भिंतीवर असते. ती खंडोबाच्या किड्याची अंडी. हा किडा पिकांवरील किडी पकडून खातो. म्हणून ती काटकी तशीच मळ्यात नेऊन खोचावी.

दिव्याजवळच्या भिंतीवर, खिडकीच्या जाळीवर किंवा पानावर केसासारख्या उभ्या देठांच्या टोकाशी एकेक पांढरा कण बसविलेला दिसतो. हे बुरशीचे काम नसून क्रायसोपा या मित्रकीटकाची अंडी आहेत. त्याच्या अळ्या मावा व तुडतुड्यांची पिल्ले खातात. पूर्वेकडील काही देशांत अशी अंडी मूर्तीवर आढळली असता लोकांनी ती औदुंबराची दुर्मिळ फुले मानून त्यांचे दर्शन घेतले, अशी हकीकत प्रसिद्ध झालेली आहे!

दमट भिंतीवर काकडीच्या बीसारखी चपटी, धूळ व वाळूच्या कणांची पिशवी हळूहळू सरकताना दिसते, आणि तिच्या टोकातून एक लहान डोके बाहेर येते. ही एका लहान पतंगाची अळी आहे. कोळिष्टके, केस, मेलेले किडे व लोकर हे तिचे खाद्य. भिंती झाडून ठेवल्या की ती आपोआप नाहीशी होते.

धान्याच्या कोठीतील खुणा

येथे मात्र दयेस जागा नाही. तूर, मूग, हरभरा यांच्या दाण्यांवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके चिकटलेले दिसले, तर ती कडधान्यातील भुंगेऱ्याची अंडी आहेत. दाण्याला गोल भोक पडेपर्यंत थांबले तर एक पिढी बाहेर पडून दुसरीची अंडी घातली गेलेली असतात. ठिपके दिसताच कडधान्य कडक उन्हात वाळवावे, चाळावे, आणि खाण्यासाठी ठेवावयाचे असल्यास किलोस ५ मिलिलिटर या प्रमाणात खाद्यतेल चोळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे; किंवा सरळ डाळ करून टाकावी, कारण फुटक्या डाळीवर हा भुंगेरा सहसा वाढत नाही.

तांदूळ, ज्वारी किंवा रवा यांचे दाणे रेशमी धाग्यांनी एकमेकांस चिकटून गठ्ठे होतात, त्यास आपण 'जाळी धरली' म्हणतो. हे कोळ्याचे जाळे नव्हे. ते तांदळातील पतंगाच्या अळीचे असते. गमतीची गोष्ट अशी की, हाच पतंग प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवितात, आणि त्याच्याच अंड्यांवर ट्रायकोग्रामा ही मित्रमाशी पोसून ट्रायकोकार्डे तयार करतात. कोठीतील पतंगास मात्र चाळणे, ऊन देणे आणि जुने धान्य नव्यात न मिसळणे हेच औषध. ॲल्युमिनिअम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरातील धान्यात कधीही ठेवू नयेत. त्यांतून निघणारा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो, आणि त्या गोळ्या वापरण्याची मुभा केवळ शासकीय यंत्रणा व प्रशिक्षित तज्ज्ञ यांनाच आहे.

नमुना कसा पाठवावा

एवढ्या खुणांनीही ओळख पटली नाही, तर वस्तू फेकून न देता तिचा नमुना ठेवावा. मातीचे किंवा कागदाचे घर आगपेटीत कापसावर ठेवावे; भुगा किंवा दाणे कागदाच्या पुडीत बांधावेत; किडा सापडल्यास तो लहान बाटलीत, शक्य तर स्पिरिटमध्ये बुडवून ठेवावा. ओला नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नये, तो बुरसटतो. चिठ्ठीवर गावाचे नाव, तारीख, घरातील नेमकी जागा, ती जागा जमिनीपासून किती उंच होती, आणि खाली काय ठेवलेले होते, हे लिहावे. मोबाइलवर छायाचित्र काढल्यास शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे, म्हणजे आकार कळतो. आणि घर उतरविण्यापूर्वीचे एक चित्र अवश्य काढावे, कारण ते कोठून निघाले व कोठे जात होते, ही खूण आगपेटीत येत नाही. असा नमुना तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्यावा, व उत्तर येईपर्यंत त्या जागेवर कोणतेही औषध मारू नये.